भिंतीची परीक्षा

'पुन्हा माती?'

मावशीनं एवढंच विचारलं आणि हातातला चहाचा कप न पिताच खाली ठेवला. माझ्या माहेरच्या गावी, औसा तालुक्यात, आमच्या बचत गटाला एक खोली बांधायची होती. पापड-शेवयांचं काम करायला, बैठका घ्यायला, चार खुर्च्या आणि वजनकाटा ठेवायला. पैसे बेताचेच. नुकतीच आर्किटेक्ट झालेली माझी भाची म्हणाली, 'आत्या, मातीची बांधू या. सिमेंट-विटांचा खर्च वाचेल, उन्हाळ्यात गार राहील. मातीत भुसकट कालवायचं, पायानं तुडवायचं आणि लोंद्यावर लोंदा ठेवत भिंत उचलायची. इंग्रजीत त्याला कॉब म्हणतात.' गटातल्या बायका खूश झाल्या. चिखल तुडवणं, सारवणं, लिंपणं यात आमच्या हातांना नवीन ते काय!

पण मावशीचा प्रश्न ऐकला आणि माझा उत्साह गळून पडला.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून दमलेली गावं झोपली होती आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं काही क्षणांत ढिगारा झाली. जवळपास आठ हजार माणसं गेली. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. आम्ही लातुरात होतो, वडिलांनी आम्हाला अंधारात ओढतच अंगणात आणलं. मावशीचं सासर मात्र किल्लारीच्या पट्ट्यातलं. तिची सासू आणि दोन वर्षांचा मुलगा त्या ढिगाऱ्यातून जिवंत निघाले नाहीत. त्यानंतर मावशी मातीच्या घरात कधी झोपली नाही. खेड्यात लग्नकार्याला गेली तरी बाज अंगणात टाकायला लावते, थंडी असो की पाऊस.

तिला मी काय सांगणार होते? 'मातीची घरं पर्यावरणाला चांगली असतात' असं? आपल्याकडे हल्ली मातीच्या घराचं कौतुक फार होतं. फोटो सुंदर येतात, भिंतीत कोनाडे असतात, रंगीत बाटल्या बसवलेल्या असतात. पण ज्या बाईचं लेकरू भिंतीखाली गेलं तिला कोनाड्याचं काय कौतुक? तिचा प्रश्न साधा आहे. ही भिंत पडेल का? आणि हे तुम्हाला कशावरून कळलं?

भाचीला मी सगळं सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, 'आत्या, आजीचा प्रश्न बरोबर आहे. उत्तर तोंडी द्यायचंच नाही. भिंतीची परीक्षा घेऊ. नापास झाली तर नाही बांधायची.'

मी कला शाखेची पदवीधर. इतिहास आणि मराठी हे माझे विषय. ताकद, दाब, ताण हे शब्द मी फक्त संसारात वापरलेले! पण या वेळी मी वही घेऊन बसले.

नेमकं काय पडलं होतं?

सुरुवात किल्लारीपासूनच केली. तिथली घरं लांबून मातीची दिसायची, पण भिंती होत्या दगडाच्या. दोन-अडीच फूट जाड. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, मधे खांडकी आणि चिखल. दोन्ही थरांना एकत्र धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. त्यावर धाब्याचं छप्पर, म्हणजे लाकडी फळ्यांवर मातीचा जाड थर. दर दोन-चार वर्षांनी गळती लागली की वर आणखी माती पडायची. पिढ्यान्‌पिढ्या वजन वाढत गेलेलं. जमीन हलल्यावर भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, दगड आत-बाहेर कोसळले आणि वरचं ओझं खाली आलं. खांब-तुळयांचा सांगाडा काही घरांत उभा राहिला, भिंती मात्र गेल्या.

मी हे मावशीला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, 'दगडं पडली गं माझ्या लेकरावर. माती नुसती वरून आली.' बत्तीस वर्षांनी ती पहिल्यांदा त्या रात्रीबद्दल इतकं बोलली.

म्हणजे माती निर्दोष, असा याचा अर्थ नाही हं मैत्रिणींनो. २६ डिसेंबर २००३ ला इराणमधल्या बाम शहरात भूकंप झाला. तिथली घरं कच्च्या विटांची, जड छपरांची होती. पंचवीस हजारांहून अधिक माणसं दगावली. उलट २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात तिथले भुंगे, म्हणजे गोल भिंतीची आणि हलक्या शंकूसारख्या छपराची घरं, बरीचशी टिकली. माती तीच, पण आकार वेगळा, वरचं वजन वेगळं, निकाल वेगळा. म्हणजे 'माती चांगली की वाईट' हा प्रश्नच चुकीचा. कोणती माती, कशी कालवलेली, किती जाड, किती उंच आणि वर काय, हे विचारायला हवं.

मातीवर शिक्का कुठे मारणार?

सिमेंटच्या पोत्यावर आय.एस.आय.चा शिक्का असतो. लोखंडाच्या सळईवर असतो. मातीवर कुठे मारणार? शेताच्या या बांधाची माती वेगळी, त्या बांधाची वेगळी. म्हणूनच मातीच्या बांधकामाचे नियम करणं सगळीकडे अवघड गेलं. त्यातून वाट निघाली ती अशी: मातीला नाही, तर माती तपासायच्या पद्धतीला प्रमाण मानायचं. माती कुठलीही आणा, पण या या परीक्षांत ती उतरली पाहिजे.

न्यूझीलंडनं १९९८ मध्ये मातीच्या बांधकामासाठी तीन मानकं काढली आणि २०२० मध्ये ती सुधारली. तो देशही आपल्या हिमालयासारखा सतत हलणारा. तिथल्या नेल्सन गावात १८५५ साली कॉबनं बांधलेलं ब्रॉडग्रीन नावाचं घर आज संग्रहालय म्हणून उभं आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात तर कॉबची घरं हजारांनी आहेत, काही चार-चारशे वर्षांची. तिथे एक जुनी म्हण आहे, की मातीच्या घराला चांगली टोपी आणि चांगले बूट हवेत. म्हणजे वर पुढे आलेलं छप्पर आणि खाली दगडी जोतं. आपल्या आज्या तरी दुसरं काय सांगायच्या? वळचण पुढे काढा, पागोळ्या भिंतीवर पडू देऊ नका!

अमेरिकेत कॉबला नियमात जागा मिळायला मात्र उशीर लागला. कॅलिफोर्नियातल्या कॉब रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेनं त्यासाठी वर्षानुवर्षं धडपड केली. सांता क्लारा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी खऱ्या आकाराच्या भिंती बांधल्या आणि यंत्रानं त्या आडव्या ढकलल्या, पुन्हा ओढल्या, भूकंपात होतं तसं. कुठे तडा गेला, किती झुकल्यावर गेला, आत जाळी घातली तर काय फरक पडला, हे मोजलं. २०१९ मध्ये कॉबचं परिशिष्ट मंजूर झालं आणि त्यांच्या घरबांधणीच्या २०२१ च्या नमुना नियमावलीत आलं.

आणि आपल्याकडे? मला वाटलं, आपल्याकडे काहीच नसणार. भाचीनं एक पातळसं पुस्तक पुढ्यात ठेवलं. भारतीय मानक १३८२७, मातीच्या इमारतींची भूकंपाला तोंड देण्याची ताकद वाढवण्यासाठी मार्गदर्शक सूचना. साल १९९३! किल्लारी झाली तेच वर्ष. हातानं थरावर थर देऊन उचललेल्या भिंतीही त्यात आहेत. मी ते साल कितीतरी वेळ बघत राहिले. कागदावर उत्तर होतं, पण आमच्या गावापर्यंत ते कधी आलंच नाही.

हुशार काळी आणि शहाणी पांढरी

त्या पुस्तकातल्या परीक्षा वाचल्या आणि माझी भीती पळाली. अहो, हा तर स्वयंपाकघरातलाच प्रकार! पीठ किती भिजलं, भाकरी थापताना कडेनं का फाटते, पापडाचं पीठ किती कुटायचं, हे आपल्या बोटांना कळतंच की. इथे फक्त ते मोजून लिहायचं.

पहिली परीक्षा गोळ्यांची. मातीच्या पाच-सहा गोळ्या करायच्या, साधारण दोन सेंटिमीटरच्या, म्हणजे सुपारीएवढ्या. दोन दिवस वाळवायच्या आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत दाबायच्या. एकही फुटली नाही तर मातीत पुरेसा चिकणपणा आहे. फुटल्या तर ती माती बाद. आम्ही शेतातली काळी माती घेतली. गोळ्या अशा कडक झाल्या की गटातल्या दणकट बायकांनाही फुटेनात. पहिल्या नंबरानं पास! आम्ही टाळ्या वाजवल्या.

भाची म्हणाली, 'थांबा, दुसरा पेपर बाकी आहे.' दोन फूट लांबीची, साडेतीन इंच रुंद आणि तेवढीच खोल लाकडी पेटी तिनं सुताराकडून करून आणली होती. त्यात कालवलेली ओली माती भरायची आणि वाळू द्यायची. अमेरिकेतल्या त्या नियमाप्रमाणे वाळल्यावर लांबी एक इंचापेक्षा जास्त आकसता कामा नये. आमची हुशार काळी माती इतकी आकसली की पेटीत दोन ठिकाणी बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तशाच. पहिल्या पेपरात मेरिटमध्ये आलेली पोरगी दुसऱ्यात सपशेल नापास!

तेव्हा मला कळलं, की एका परीक्षेवर विसंबायचं नसतं. जी माती वाळून दगडासारखी होते, तीच वाळताना भिंत फाडते.

तेवढ्यात ओट्यावर बसलेली मावशी म्हणाली, 'घराला काळी कोण लावतं? काळी पिकाची, पांढरी घराची. एवढं बी माहीत नाही का तुम्हाला?' आम्ही सगळ्या तिच्याकडे बघत राहिलो. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण, हे लहानपणापासून ऐकलेलं, पण त्यामागे मातीची पारख आहे हे पदवी घेऊनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. गावातच एक पडकं घर होतं. मालकाची परवानगी घेऊन तिथली पांढरी आणली. त्यात मुरमाची चाळ आणि वाळू वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून चार पेट्या भरल्या. भुसकट घातलं. दोन पेट्या पास झाल्या. त्यातली वाळू कमी असलेली निवडली, कारण वाळू जास्त झाली की चिकणपणा जातो.

तिसरी परीक्षा सगळ्यात गमतीची. मातीची वीट करायची, चार आठवडे उन्हात वाळवायची, दोन टोकांना आधार देऊन मधे अधांतरी ठेवायची आणि साठ-सत्तर किलोच्या माणसानं तिच्यावर उभं राहायचं. 'सत्तर किलो कोण गं?' असं विचारल्यावर सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या! लाज बाजूला ठेवून मी उभी राहिले. पहिली वीट कडकन मोडली आणि मी खाली. हसून हसून पुरेवाट झाली. पण वहीत लिहिलं: भुसकट कमी. पुन्हा विटा केल्या, पुन्हा चार आठवडे थांबलो. या वेळी विटेनं मला पेललं.

चौथी परीक्षा पाण्याची. कारण सुकी मातीची भिंत कितीही भक्कम असली, तरी भिजली की तिचा जोर जातो. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग गावाच्या नावानं ही परीक्षा ओळखली जाते. शंभर मिलिलिटर पाणी चाळीस सेंटिमीटर उंचीवरून तिरप्या ठेवलेल्या विटेवर थेंब-थेंब सोडायचं आणि किती खोल खड्डा पडतो ते मोजायचं. आम्ही सलाईनची नवी नळी वापरली. खड्डा पडला, पण थोडाच.

शेवटी मातीचे ठोकळे जवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात नेले आणि यंत्राखाली दाबून घेतले. तिथे भाचीनं एक हिशेब मांडला तो मला फार आवडला. नऊ-दहा फूट उंच मातीच्या भिंतीच्या तळाशी, तिच्या स्वतःच्या वजनानं, एका चौरस सेंटिमीटरवर जेमतेम अर्धा किलो भार येतो. आमचे ठोकळे त्याच्या कितीतरी पट भार सोसून मग फुटले. म्हणजे नुसतं उभं राहणं भिंतीला जड नाही. खरी कसोटी आडव्या धक्क्याची. आणि तिथे माती एकटी पुरत नाही, बांधणीची साथ लागते.

कोपऱ्यातलं दार

इथेच आमचं भांडण झालं! गटातल्या बायकांना दार अगदी कोपऱ्यात हवं होतं, म्हणजे उरलेल्या भिंतीला फळ्या लावता आल्या असत्या. शिवाय हवेशीर म्हणून मोठ्ठी खिडकी. भाची ऐकेना. तिनं मानकातले नियम वाचून दाखवले. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीपेक्षा जास्त नको. दोन आडव्या भिंतींमधली लांबी जाडीच्या दहापटीच्या आतच हवी. दार-खिडकी चार फुटांपेक्षा रुंद नको आणि कोपऱ्यापासून निदान चार फूट लांब हवी. कारण भूकंपात पहिला घाव कोपऱ्यावर बसतो, तिथेच भोक पाडलं तर घर उकलतं.

आमची भिंत दीड फूट जाड, खोली दहा बाय चौदा, उंची नऊ फूट. सगळं बसत होतं, फक्त कोपऱ्यातलं दार बसत नव्हतं. दोन बैठका त्यात गेल्या. शेवटी दार मधे गेलं, खिडकी लहान झाली आणि फळ्यांऐवजी भिंतीला कोनाडे न पाडता लाकडी मांडणी आली.

भिंतीत दोन ठिकाणी, दार-खिडकीच्या डोक्यावर आणि छपराखाली, चारही बाजूंनी लाकडी पट्टा फिरवला. दोन लांब लाकडं आणि मधे आडव्या पट्ट्या, अगदी आडवी शिडीच. कोपऱ्यांत ती एकमेकांत खाचून जोडलेली. पाटीला कमरेभोवती दोरी बांधावी तसा हा पट्टा चार भिंतींना एकमेकींपासून सुटू देत नाही. खाली दीड फुटी दगडी जोतं. वर धाबं अजिबात नाही, हलके पत्रे, चांगले दोन फूट पुढे काढलेले. एका वेळी फूट-दीड फूटच भिंत उचलायची, तो थर ताठ झाला की पुढचा. घाई नाही.

मला आठवण झाली ती किल्लारीनंतरच्या काळाची. दुरुस्ती आणि मजबुतीच्या सरकारी कार्यक्रमात महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून गावोगाव फिरल्या होत्या. धाब्यावरची जास्तीची माती उतरवा, भिंतीत आरपार दगड घाला, छपराखाली पट्टा द्या, हे त्यांनीच घरोघरी समजावलं. म्हणजे बायकांनी भिंतीची तपासणी करणं आमच्या भागाला नवीन नाही. आपणच विसरलो होतो.

अडचणी संपल्या असं मात्र नाही. सरकारी रकान्यात मातीची भिंत म्हणजे 'कच्चं' घर. एका कार्यालयात साहेबांनी आमची फाईल बाजूला सारली आणि म्हणाले, 'बाई, मातीला कोड नसतो.' भाचीनं पुस्तक पुढे केलं. त्यांनी ते दोनदा उलटंपालटं केलं आणि झेरॉक्स मागून घेतली. अनुदान मिळालं नाही ते नाहीच. पण त्या टेबलावर निदान ते पुस्तक पोचलं!

आणि एक गोष्ट आवर्जून सांगते. घरच्या परीक्षांवर भागवून कुणी परस्पर भिंती उचलू नका. गोळ्या आणि पेटी माती निवडायला मदत करतात, पण भिंतीची आखणी जाणकार इंजिनीअर किंवा आर्किटेक्टकडूनच करून घ्या. भूकंपात काहीच होणार नाही असं वचन कुठलीही भिंत देत नाही. तडा जाईल. पण ती एकदम अंगावर येऊ नये, आतल्या माणसाला बाहेर पडायला वेळ मिळावा, एवढ्यासाठी हा सगळा आटापिटा.

खोली या पावसाळ्याआधी उभी राहिली. मावशी बघायला आली. आत गेली नाही. बाहेरून एक फेरी मारली, जोत्याला हात लावला, वर बघितलं आणि विचारलं, 'वर वजन किती ठेवलंय?'

भाचीनं सांगितलं. मग मावशीनं तो लाकडी पट्टा कुठून कुठे गेलाय ते बोटानं दाखवायला लावलं. पेट्यांमध्ये वाळलेली माती आम्ही अजून जपून ठेवली आहे, तीही बघितली. फाटलेली काळी आणि सलग राहिलेली पांढरी. 'बरं,' एवढंच म्हणाली.

आता ती पापड लाटायला येते. आत बसते, पण दाराजवळच. तिची ती जागा ठरलेली आहे, तिथे दुसरं कुणी बसत नाही. आम्ही तिला आत सरक म्हणत नाही. आमची भिंत परीक्षेत पास झाली असेलही, पण मावशीच्या परीक्षेचा निकाल तिनंच लावायचा आहे, तिला हवा तेवढा वेळ घेऊन.